एइबारची पॉकेट पिस्तुले : संग्राहकाची खरेदी, परीक्षण आणि प्रत्यक्ष वापर

प्रस्तावना

जुनी शस्त्रे जमविणाऱ्यांच्या जगात बेल्जियमचे ब्राउनिंग, जर्मनीचे ल्यूगर आणि अमेरिकेचे कोल्ट यांना जो मान आहे, तो स्पेनमध्ये तयार झालेल्या छोट्या पिस्तुलांना कधीच मिळाला नाही. 'नक्कल', 'स्वस्त माल', 'हातात फुटणारे यंत्र' अशा शेलक्या विशेषणांनीच त्यांचा उल्लेख बराच काळ होत राहिला. तथापि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ही पिस्तुले लाखोंच्या संख्येने तयार झाली, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांच्या कमरेला लागली आणि त्यानंतर निरनिराळ्या देशांत पसरली. आज अल्प साधनसामग्री असलेल्या नवोदित संग्राहकाच्या हाती जे पहिले शंभर वर्षांपूर्वीचे पिस्तूल पडते, ते पुष्कळदा स्पॅनिशच असते. ते विकत घेताना काय पाहावे आणि घेतल्यावर त्यातून गोळी झाडावी की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या पिस्तुलाच्या इतिहासातच दडलेली आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात आधी इतिहास व रचना आणि मग खरेदी व वापर या क्रमाने विवेचन केले आहे.

मराठी वाचकाला ब्राउनिंग हे नाव परके नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या जातीचे पिस्तूल चालविले, ते ब्राउनिंगच होते. लंडनहून गुप्तपणे आलेल्या त्या पिस्तुलांचा माग काढीत ब्रिटिश सरकारने पुढे कोणते खटले उभे केले, हे सर्वश्रुत आहे. ब्राउनिंगच्या याच छोट्या, चपट्या, खिशात मावणाऱ्या रचनेने स्पेनमधील एका डोंगरी गावाचे भवितव्य पालटले, हे मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

एक गाव आणि त्याचा व्यवसाय

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशातील गिपुस्कोआ प्रांतात, एगो नदीच्या अरुंद खोऱ्यात एइबार हे गाव वसले आहे. शेतीला सपाट जमीन नाही. परंतु बास्क प्रदेशात लोखंडाच्या खाणी आणि वाहते पाणी मुबलक असल्याने येथे कित्येक शतकांपासून शस्त्रे घडविण्याचा व्यवसाय रुजला. हा व्यवसाय प्रचंड कारखान्यांचा नव्हता. एका घराच्या तळमजल्यावर नळ्या भोकणारा, शेजारी स्प्रिंगा तापविणारा, पलीकडच्या गल्लीत लाकडी मुठी कोरणारा, अशी कामाची वाटणी होती. 'निर्माता' म्हणून ज्याचे नाव पिस्तुलावर येई, तो पुष्कळदा हे सुटे भाग गोळा करून जुळविणारा आणि विकणारा असे. एइबारच्या पिस्तुलांचे गुण आणि दोष समजून घ्यावयाचे असतील तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयास हवी.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमच्या लिएज शहराजवळील हेर्स्तालच्या कारखान्यातून जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने आखलेली स्वयंचलित पिस्तुले बाजारात आली. १९०३ चे मॉडेल मध्यम आकाराचे, तर १९०६ चे ६.३५ मिलिमीटरचे मॉडेल अगदी बंडीच्या खिशात मावणारे होते. त्या काळच्या स्पॅनिश कायद्यानुसार परकीय पेटंटधारकाने ठरावीक मुदतीत, म्हणजे तीन वर्षांत, स्पेनमध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू केले नाही तर त्याच्या पेटंटचे संरक्षण संपुष्टात येई. हेर्स्तालच्या मालकांनी स्पेनमध्ये कारखाना काढला नाही; परिणामी एइबारच्या कारागिरांना ब्राउनिंगची रचना आपल्याच देशात उघडपणे वापरता आली. या नकलांना सरसकट 'चोरी' म्हणण्याची प्रथा आहे, ती कायद्याच्या दृष्टीने बरोबर नाही. नैतिक प्रश्न वेगळा. त्या काळी युरोपात सगळेच एकमेकांच्या मालावर डोळा ठेवून होते.

१९०८ मध्ये स्थापन झालेल्या एस्पेरान्सा इ उनसेता या पेढीने १९११ च्या सुमारास 'व्हिक्टोरिया' नावाचे पिस्तूल काढले. हीच पेढी १९१३ मध्ये गेर्निका गावी गेली आणि पुढे 'अस्त्रा' या मुद्रेने ओळखली जाऊ लागली. या नकलांत एक स्थानिक फेरफार सर्वत्र आढळतो. ब्राउनिंगच्या मुठीमागे असलेली दाबपट्टी, जी मूठ आवळल्याखेरीज पिस्तूल चालू देत नाही, ती एइबारच्या बहुतेक कारागिरांनी गाळून टाकली. आणि सुरक्षेची कळ मागच्या बाजूस न ठेवता चापाच्या अगदी वर, चौकटीच्या मध्यावर बसविली. संग्राहक या कळेला 'एइबार पद्धतीची कळ' असेच म्हणतात. तिच्यामुळे एक भाग वाचला आणि किंमत उतरली. परंतु ही कळ केवळ चाप अडविते, आतील घोड्याला धरीत नाही.

रूबी आणि महायुद्ध

गाबिलोन्दो इ उरेस्ती या पेढीने १९१४ मध्ये 'रूबी' नावाचे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल बाजारात आणले. ब्राउनिंगच्या १९०३ च्या रचनेची ही लहान आवृत्ती होती. मात्र मॅगझिनमध्ये नऊ काडतुसे मावत, जे त्या आकाराच्या पिस्तुलात विशेषच होते. पेढीची नजर अमेरिका खंडातील गिऱ्हाइकांवर होती. तेवढ्यात महायुद्ध पेटले. खंदकांच्या लढाईत आखूड शस्त्राची निकड भासू लागली आणि फ्रेंच सैन्याकडे पुरेशी पिस्तुले नव्हती. १९१५ मध्ये फ्रान्सने रूबीची परीक्षा घेऊन दरमहा दहा हजार नगांची मागणी नोंदविली आणि थोड्याच काळात ती तीस हजारांवर नेली.

घराघरांतून चालणाऱ्या व्यवसायाला हा आकडा पेलणारा नव्हता. गाबिलोन्दोने चार पेढ्यांना भागीदार करून घेतले व प्रत्येकीने दरमहा पाच हजार पिस्तुले द्यावीत असे ठरविले. उरलेली दहा हजार तो स्वतः देणार होता. हिशेब कागदावर जुळला. पण फ्रान्सची भूक याहून मोठी निघाली आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी इतर कारखानदारांशीही थेट करार केले. अखेरीस चाळीस-पन्नास निर्मात्यांची रूबी-पद्धतीची पिस्तुले फ्रेंच कोठारांत जमा झाली. एकूण संख्येबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. सात लाखांपासून दहा लाखांपर्यंतचे अंदाज मांडले गेले आहेत.

यातून जो गोंधळ उडाला तो लष्करी पुरवठ्याच्या इतिहासात अभ्यासण्याजोगा आहे. सर्व पिस्तुले बाहेरून सारखीच, परंतु प्रत्येक कारखान्याचे माप वेगळे. एकाचे मॅगझिन दुसऱ्याच्या मुठीत शिरे, पण पूर्ण बसत नसे. किंवा बसे, पण काडतूस वर येत नसे. लढाईच्या धामधुमीत याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. उपाय म्हणून चौकटीवर आणि मॅगझिनच्या तळावर निर्मात्याची आद्याक्षरे ठोकण्याची पद्धत आली. गाबिलोन्दो इ उरेस्तीच्या मालावर 'जीयू' ही अक्षरे दिसतात. ज्या सैनिकाच्या पिस्तुलावर जी अक्षरे, त्याच अक्षरांचे मॅगझिन त्याने मागावयाचे. आजच्या संग्राहकालाही हाच नियम लागू पडतो.

दुसरी एक खूण आणखी बोलकी आहे. काही फ्रेंच रूबींच्या स्लाइडवर डाव्या बाजूस, सुरक्षेच्या कळेच्या वर, एक ठसठशीत खिळा उठून दिसतो. चामडी म्यानात पिस्तूल खुपसताना किंवा उपसताना चामड्याच्या घर्षणाने कळ आपोआप खाली सरके आणि पिस्तूल नकळत झाडण्यास सिद्ध होई. तो अपघात टाळण्यासाठी हा खिळा बसविला गेला. तो चामड्याला कळेपासून दूर ठेवतो. अनभिज्ञ विक्रेते याला 'कुणीतरी केलेली दुरुस्ती' समजून किंमत कमी सांगतात. वास्तविक तो खिळा म्हणजे त्या पिस्तुलाच्या लष्करी सेवेचा दाखला होय.

युद्ध संपले तशी मागणीही आटली. एइबारच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. ज्या टिकल्या त्यांतील काहींनी आपली यंत्रे दुसऱ्या कामाला लावली. बेइस्तेगी बंधू आणि ओर्बेआ या पेढ्या सायकलींकडे वळल्या व आजही त्याच नावाने सायकली विकतात; १९२० मध्ये कामगारांनी सहकारी तत्त्वावर उभारलेली 'आल्फा' शिवणयंत्रे करू लागली. नळी भोकणारा हात सायकलीची नळकांडी करू शकतो, ही साधी गोष्ट. जे पिस्तुलांनाच चिकटून राहिले त्यांनी 'डिस्ट्रॉयर', 'रॉयल', 'लिबर्टी', 'पॅरामाउंट' अशी भारदस्त इंग्रजी नावे देऊन देशोदेशी माल खपविला. यादवी युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीने पिस्तूलनिर्मितीची परवानगी अस्त्रा, स्टार आणि गाबिलोन्दोची ल्यामा या तीनच पेढ्यांपुरती ठेवली. यांपैकी अस्त्रा व स्टार १९९७ मध्ये बंद पडल्या. गेर्निकातील अस्त्राची इमारत २६ एप्रिल १९३७ च्या बाँबवर्षावातून वाचली होती. आज ती सांस्कृतिक केंद्र म्हणून वापरात आहे.

खरेदी : आधी कागद, मग खुणा, मग यंत्र

पहिला प्रश्न कायद्याचा. अमेरिकेत १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याखाली पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील शस्त्रांचा वेगळा वर्ग केलेला आहे आणि अशा शस्त्रांच्या संग्राहकाला तीन वर्षांचा विशेष परवाना मिळू शकतो. या परवान्यावर तो आपल्या राज्याबाहेरूनही जुनी पिस्तुले मागवू शकतो, मात्र प्रत्येक देवघेवीची नोंद बांधीव वहीत ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते आणि व्यापार करण्याची त्याला मुभा नसते. याच कायद्याने लहान पिस्तुलांच्या आयातीवर कडक अटी घातल्या, त्यामुळे ६.३५ मिलिमीटरची अस्त्रा 'फायरकॅट' आणि कोल्टने 'ज्युनियर' या नावाने विकलेली अस्त्रा 'कब' यांची अमेरिकेतील आवक थांबली. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर खाजगी व्यक्तीला पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य झाले. ऐतिहासिक महत्त्वाच्या पिस्तुलांसाठी तेवढी मर्यादित तरतूद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना अनिवार्य असून २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वारसाने आलेली शस्त्रेही त्या दोनांतच मोजली जातात. त्यामुळे आपल्याकडे पिस्तुलांचा 'संग्रह' ही कल्पनाच मुळी कायद्यात बसत नाही. पुढील विवेचन जेथे हा छंद कायदेशीर आहे तेथील संग्राहकाला उद्देशून आहे, हे वेगळे सांगणे नको.

दुसरा टप्पा खुणांचा. स्लाइडवर '१९१४ मॉडेल' असे कोरलेले दिसले म्हणून ते पिस्तूल १९१४ साली झाले असे मुळीच नव्हे. हा आकडा रूबीच्या रचनेचा असून १९१६ किंवा १९१८ मध्ये तयार झालेल्या पिस्तुलांवरही तो आढळतो. तसेच 'पेटंट' हा शब्द पुष्कळदा शोभेपुरताच असतो. त्या मानाने एइबारच्या सरकारी चाचणीगृहाचा शिक्का अधिक विश्वसनीय. १९२० च्या दशकात स्पेनमध्ये शस्त्रांची चाचणी सक्तीची झाली आणि १९२७ पासून प्रत्येक वर्षाला एक अक्षर देण्याची पद्धत सुरू झाली. १९२७ ला 'ए', १९२८ ला 'बी', १९२९ ला 'सी'. इंग्रजी वर्णमालेवर बोटे मोजीत जाणारा येथे चुकतो, कारण जुन्या स्पॅनिश वर्णमालेत 'च', 'ल्य' आणि 'न्य' या उच्चारांची अक्षरे स्वतंत्र मानली जात आणि वर्षे मोजताना तीही धरली गेली आहेत. ही मालिका १९५४ मध्ये संपली व १९५५ पासून अक्षरापुढे एकचा आकडा लावून ती पुन्हा सुरू झाली. महायुद्धकाळातील रूबीवर अर्थातच अशी वर्षखूण नसते. तिच्यावर फ्रेंच आद्याक्षरे शोधावीत. आणि चौकटीत बसविलेली 'एसए' ही दोन अक्षरे दिसली तर ते पिस्तूल फ्रान्समधून फिनलंडच्या सैन्यात गेले होते असे समजावे. अशा नगाची किंमत साध्या रूबीहून चढी असते.

मूळ पृष्ठभाग ओळखणे हे सरावाचे काम आहे. पिस्तूल पुन्हा घासून निळे केले असेल तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवतीचा धातू बशीसारखा खोलगट दिसतो आणि स्लाइडच्या सपाट बाजूंवर प्रकाश लाटेसारखा हलतो. निकेलचा चकाकता मुलामा चढविलेली लष्करी रूबी दिसावयास सुंदर, पण संग्राहकाच्या दृष्टीने तिचे बरेचसे मोल गेलेले असते. उलट विरळ झालेला निळा रंग, मुठीच्या लाकडावर घामाने आलेला काळेपणा, दोरी अडकविण्याची मूळ कडी आणि जुळणाऱ्या अक्षरांचे मॅगझिन असलेला कळकट नग अधिक घ्यावा. मॅगझिन नसलेले रूबी स्वस्त मिळते खरे, पण नंतर योग्य मॅगझिन शोधण्यात होणारा खर्च त्या बचतीला पुरून उरतो. दुकानदार 'कोणतेही रूबीचे मॅगझिन चालते' असे म्हणाला तर फ्रेंच सैन्याचा अनुभव आठवावा.

तिसरा टप्पा यंत्राचा. मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री केल्यावाचून यातले काहीही करू नये. नळी प्रकाशाकडे धरून पाहावी. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जो क्षार नळीत उरे तो हवेतील दमट शोषून घेई आणि पोलाद खाई. त्यामुळे शंभर वर्षांच्या नळीत काळे खड्डे असणे स्वाभाविक आहे. सर्पिल खाचा स्पष्ट असतील तर तेवढ्याने बिघडत नाही. पण नळीच्या आत एखादी काळी गोल वलयरेषा दिसली आणि बाहेरून त्याच जागी बोटाला फुगवटा जाणवला, तर ते पिस्तूल कपाटात ठेवण्यापुरतेच घ्यावे. कधीतरी आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेल्याची ती खूण होय.

त्यानंतर चापाची साखळी तपासावी. रिकामे पिस्तूल चढवून सुरक्षेची कळ लावावी, चाप जोराने दाबून सोडावा आणि मग कळ काढावी. कळ काढताच आतला घोडा पडल्याचा आवाज आला तर पिस्तूल धोकादायक आहे. दुसरी चाचणी अशी : चाप दाबून धरावा, स्लाइड मागे नेऊन सोडावी, मग चाप हळूच सोडावा, 'टक' असा बारीक आवाज येऊन चाप पुन्हा जागेवर आला पाहिजे आणि पुढच्या दाबाला घोडा पडला पाहिजे. चाप धरलेला असतानाच घोडा स्लाइडबरोबर खाली गेला तर घोड्याला अडवून धरणारे खोबण झिजलेले आहे. असे पिस्तूल एका दाबात दोन, तीन किंवा मॅगझिनमधील सगळ्याच गोळ्या झाडू शकते. एइबारच्या काही पेढ्यांनी मऊ पोलाद वापरले आणि त्याला पुरेसा कडकपणा दिला नाही. त्याचे फळ याच जागी दिसते.

झाडावे की न झाडावे

पिस्तूल हे यंत्र आहे आणि यंत्र चालविल्याखेरीज त्याची खरी ओळख होत नाही, असा संग्राहकांतील एका पक्षाचा दावा आहे. दुसरा पक्ष म्हणतो की शंभर वर्षे टिकलेली वस्तू आपल्या एका दुपारच्या करमणुकीसाठी मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण निर्णय मतावर न सोडता विशिष्ट नगावर सोडावा हे उत्तम. फिनलंडचा शिक्का असलेली, सर्व भाग मूळचे असलेली रूबी न झाडणेच शहाणपणाचे, कारण तिचा फायरिंग पिन किंवा बाहेरकाढणीचा आकडा तुटला तर बाजारातला दुसरा भाग सरळ बसणार नाही. हे भाग हाताने घासून एकेका पिस्तुलाला जुळविलेले होते. उलट जुळत्या मॅगझिनचा, झिजलेल्या रंगाचा पण यंत्र शाबूत असलेला साधा नग वर्षाकाठी थोडा चालविण्यास हरकत नाही. मुठीत नेमके काय घडते हे मात्र आधी समजून घेतलेले बरे.

ही पिस्तुले 'मुक्त माघारी'च्या तत्त्वावर चालतात. मोठ्या लष्करी पिस्तुलात नळी व स्लाइड गोळी बाहेर पडेपर्यंत एकमेकांत अडकलेली असतात. येथे तसे काहीच नसते. काडतुसाचा पृष्ठभाग स्लाइडला मागे ढकलतो आणि स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा जोर एवढेच त्याला विरोध करतात. ७.६५ मिलिमीटरची गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने सुटते. स्लाइडचे वजन उदाहरणादाखल ३०० ग्रॅम धरले, तर संवेगाच्या नियमानुसार ती सेकंदाला चार मीटरहून थोड्या अधिक वेगाने मागे येते. स्प्रिंग ताजी असेल तर हा वेग चौकटीला धडकण्याआधी बराच मंदावतो. शंभर वर्षे दबून मेलेली स्प्रिंग तो मंदावू शकत नाही. प्रत्येक गोळीसरशी स्लाइड चौकटीवर हातोड्यासारखी आदळते आणि मऊ पोलादाला एके दिवशी तडा जातो. म्हणून पहिली गोळी झाडण्यापूर्वी योग्य जोराची नवी स्प्रिंग बसविणे हा सर्वांत स्वस्त विमा होय. मूळ स्प्रिंग पाकिटात जपून ठेवावी, फेकू नये. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगही घालू नये; तिने स्लाइड पुरेशी मागे जात नाही व रिकामे काडतूस दारातच अडकते.

काडतुसांविषयी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ७.६५ ब्राउनिंगच्या काडतुसाला तळाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ठप्प होते. पोकळ टोकाच्या आधुनिक गोळीचे काडतूस लांबीला आखूड असते, त्यामुळे त्याला मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकण्यास जागा मिळते व हा अडथळा हमखास येतो. गोल टोकाची, पूर्ण तांब्याचे आवरण असलेली, साध्या दाबाची ताजी काडतुसेच वापरावीत. ६.३५ मिलिमीटरच्या पिस्तुलांनाही हाच नियम. त्यांची गोळी सव्वातीन ग्रॅमच्या आसपास असते व ऊर्जेने ती ७.६५ च्या निम्म्यावर येते, म्हणून त्या पिस्तुलांवर ताण कमी पडतो. परंतु ती इतकी लहान असतात की धरणाऱ्याचे बोट नळीच्या तोंडापुढे येण्याचा धोका मोठा.

प्रथम संपूर्ण पिस्तूल खोलून, जुने गोठलेले तेल काढून, सर्व भाग शस्त्रकारागिराला दाखवावेत. अधिकृत गोळीबार मैदानावर डोळे व कान झाकून पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे. दुसऱ्या वेळी दोन. तीनांपुढे जाण्याची घाई करू नये. पिस्तूल एका दाबात दोन गोळ्या झाडणारे असेल तर ते येथेच कळते आणि दुसरी गोळी मैदानाच्या मातीत जाते. प्रत्येक रिकामे काडतूस उचलून पाहावे. त्याची टोपी सपाट होऊन पसरली असेल, पिनेचा खळगा मध्यापासून दूर पडला असेल, किंवा तळाजवळ एका बाजूला फुगवटा आला असेल तर गोळीबार तेथेच थांबवावा. मूठ उंच धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात स्लाइडची धार लागते. रक्त काढणारी ही सवय सर्वच छोट्या पिस्तुलांची आहे, तिचा दोष एइबारच्या माथी मारू नये.

नेमाबद्दल अवास्तव अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही. माशी म्हणजे स्लाइडवरचा एक टिंब, मागची खाच नखाएवढी, आणि चाप जड. दहा पावलांवरच्या ताटाएवढ्या लक्ष्यावर बहुतेक गोळ्या लागल्या तर त्या पिस्तुलाने आपले काम केले असे मानावे. खंदकाच्या तोंडाशी अंधारात समोरासमोर आलेल्या माणसासाठी ते घडविले होते. पदकांच्या स्पर्धांसाठी नव्हे.

भरलेले चेंबर घेऊन ही पिस्तुले कधीही वागवू नयेत. सुरक्षेची कळ फक्त चाप अडविते हे वर आलेच आहे. पिस्तूल हातून कठीण फरशीवर पडले तर आत चढलेल्या घोड्याला धरणारे झिजलेल्या धातूच्या एका कडेपलीकडे काहीच नसते. घरी आल्यावर नळी पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, स्प्रिंगवरचा ताण काढून पिस्तूल ठेवावे. चामड्याच्या जुन्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे कमावण्याच्या आम्लाने निळा रंग डागाळतो. म्यान वेगळे, मॅगझिन वेगळे, आणि वहीत त्या दिवशी झाडलेल्या गोळ्यांची संख्या, स्प्रिंग कोणत्या तारखेला बदलली व कोणत्या काडतुसांनी अडथळा आला याची नोंद. पुढे ते पिस्तूल ज्याच्या हाती जाईल त्याला स्लाइडवरच्या कोरीव अक्षरांपेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडते.